पुरावा असून नसल्यासारखा

दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या अर्भकाची फुप्फुसे कोवळी असतात. जन्मताच त्याची श्वासासाठी झुंज सुरू होते आणि पूर्वी ती अनेकदा एक-दोन दिवसांतच संपे. या झुंजीत अर्भकाला बळ देणारे औषध सापडल्यावरही ते सर्रास वापरात येण्यास वीस वर्षांहून अधिक काळ लागला. औषधाचा अभाव हे त्याचे कारण नव्हते. पुरावा विखुरलेला होता.

न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे प्रसूतितज्ज्ञ ग्रॅहॅम लिगिन्स मेंढ्यांवर प्रयोग करीत होते. प्रसूतीची वेळ कशाने ठरते, हे त्यांना शोधायचे होते. स्टेरॉइड दिलेली काही कोकरे फार लवकर जन्मूनही श्वास घेतात, हे त्यांच्या ध्यानी आले. १९६९ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. पुढे बालरोगतज्ज्ञ रॉस हाउई यांच्या साहाय्याने त्यांनी २८२ गर्भवतींची पाहणी केली. कोणाला औषध द्यावयाचे, हे चिठ्ठी टाकावी तसे ठरविले होते. वैद्याच्या पसंतीला तेथे वाव नव्हता. १९७२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : औषध मिळालेल्या मातांची अर्भके अधिक संख्येने जगली.

त्यानंतर इतरत्रही असे प्रयोग झाले. परंतु बहुतेक लहान होते. एकेकटा पाहिला तर संशय उरे. १९७९ साली ब्रिटिश वैद्य आर्ची कॉक्रन यांनी आपल्याच व्यवसायाला खडसावले की, अशा सर्व प्रयोगांचा चिकित्सक गोषवारा करून तो वेळोवेळी अद्ययावत ठेवण्याची व्यवस्था वैद्यकाने केलेलीच नाही.

हे काम ऑक्सफर्ड येथे इयन चामर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी अंगावर घेतले. १९९० साली बारा प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र मांडण्यात आले, तेव्हा संशयास फारशी जागा उरली नाही. १९९३ साली कॉक्रन यांच्या नावाने आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. १९९४ साली अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ-परिषदेने या उपचाराची स्पष्ट शिफारस केली. मधल्या काळात जी बालके दगावली, त्यांतील कित्येक वाचू शकली असती.

तथापि कथा येथे संपत नाही. हाच उपचार खेड्यापाड्यांत पोचविण्याचा मोठा प्रयोग सहा देशांत झाला; भारतातील त्याची केंद्रे बेळगाव व नागपूर ही होती. २०१४ साली त्याचे फलित प्रसिद्ध झाले, ते धक्कादायक होते : एकंदर नवजात-मृत्यू घटले नाहीत, उलट वाढले. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली अटी घातल्या : गर्भाचे वय नेमके ठाऊक असावे, मातेस जंतुसंसर्ग नसावा, माता व बालक या दोघांच्या शुश्रूषेची सोय असावी. पुढे भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत, अशी सोय असताना, २,८५२ मातांचा प्रयोग झाला. तेथे हा उपचार तारकच ठरला, हे २०२० साली सिद्ध झाले.

म्हणून मार्गदर्शक तत्त्वे हाती आली की अभ्यासकाने प्रथम तीन गोष्टी पाहाव्यात : ती कोणत्या पुराव्यावर उभी आहेत, तो कोठे गोळा झाला आणि शेवटचा केव्हा तपासला गेला. पुरावा शोधणे व जुळविणे हे कारकुनी काम वाटते खरे. परंतु ते वेळेवर झाले नाही, तर त्याची किंमत पाळण्यातल्या जिवास मोजावी लागते.