पॉन्सन्बी, सर फ्रेडरिक (लॉर्ड सिसन्बी)

पॉन्सन्बी, सर फ्रेडरिक एडवर्ड ग्रे : (१६ सप्टेंबर १८६७ – २० ऑक्टोबर १९३५). ब्रिटिश सेनाधिकारी, राजगृहातील चिटणीस व पुढे राजाच्या खासगीचा कारभारी. व्हिक्टोरिया राणी, सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज या तीन राज्यकर्त्यांच्या पदरी त्याने १८९४ पासून मृत्यूपर्यंत चाकरी केली. मित्रमंडळींत तो ‘फ्रिट्झ’ या नावाने ओळखला जाई.

आयर्लंडच्या सरदारवर्गातील बेसबरोच्या अर्लांच्या कुळात त्याचा जन्म झाला. आजा मेजर-जनरल सर फ्रेडरिक कॅव्हेंडिश पॉन्सन्बी हा १८१५ साली वॉटर्लूच्या रणांगणावर घायाळ होऊन पडला व मृतवत् अवस्थेतून वाचला. बाप सर हेन्री पॉन्सन्बी हा क्रिमियाच्या युद्धातून आलेला ग्रेनेडियर गार्ड्सचा अधिकारी, १८७० पासून राणीचा मुख्य चिटणीस होता. तरवारीकडून लेखणीकडे जाण्याची ही वाट अशा रीतीने घरातच मळलेली होती. आपल्याकडे संस्थानी दरबारांत चिटणिशी, फडणिशी बापाकडून मुलाकडे वतनासारखी उतरत असे. विंडसर येथे तसा लेखी हक्क नव्हता, परंतु व्यवहारात फारसे निराळे घडत नसे. प्रशियाचा युवराज फ्रेडरिक व त्याची पत्नी, म्हणजे राणीची ज्येष्ठ कन्या व्हिक्टोरिया, हे या मुलाचे धर्मपिता व धर्ममाता होते. या नात्याचे ओझे पुढे त्याच्या खांद्यावर कसे आले ते खाली येईलच.

ईटन येथील शिक्षणानंतर तो १८८८ मध्ये पायदळात दाखल झाला व लवकरच ग्रेनेडियर गार्ड्समध्ये बदलून गेला. हिंदुस्थानचा व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन याचा एडीसी म्हणून तो येथे असताना १८९४ मध्ये राणीने त्याला आपला ‘एक्वेरी’ नेमले. हे पद मूळचे राजाच्या पागेशी निगडित. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यात घोड्यांपेक्षा पाहुण्यांची व्यवस्था अधिक पाहावी लागे. परतण्यापूर्वी राणीने त्याच्यावर एक नाजूक कामगिरी सोपविली होती. तिचा मर्जीतला हिंदी सेवक व हिंदुस्थानी भाषेचा शिक्षक मुनशी अब्दुल करीम याचा बाप आग्र्यास मोठा सर्जन-जनरल आहे, अशी तिची समजूत असल्याने त्याची भेट घेऊन येण्याचा हुकूम होता. पॉन्सन्बीने भेट घेतली आणि तो गृहस्थ आग्र्याच्या तुरुंगातील औषधे देणारा साधा वैद्यकीय साहाय्यक आहे, असे सरळ सांगून टाकले. राणीने त्याने भलत्याच माणसाला गाठले असा निवाडा दिला आणि त्याच्याच सांगण्याप्रमाणे वर्षभर त्याला आपल्या पंक्तीस बोलाविले नाही. या प्रकरणात राजगृहातील गोऱ्या मंडळींचा वर्णद्वेष व कुलाभिमान उघड दिसतो, आणि पॉन्सन्बीही त्यातून मुक्त नव्हता. तथापि मालकाला न रुचणारी बातमी मऊ करून सांगावयाची नाही, हा त्याचा स्वभाव येथे प्रथम नजरेस येतो.

१८९७ मध्ये तो साहाय्यक चिटणीस झाला. त्या काळी राणीची दृष्टी पुष्कळ अधू झाली होती व कागद वाचता येईनात म्हणून लिहिणाऱ्यांवर रोष होई. त्यावर तोड म्हणून पॉन्सन्बीने बुटाच्या रोगणासारखी दाट काळी शाई पैदा केली, ती वाळविण्यासाठी खाली स्पिरिटचा दिवा ठेवून तापविण्याचे तांब्याचे तबक करून घेतले. मग अक्षरे पाठीमागे उमटतात अशी तक्रार आली म्हणून जाड कागद आणविला, आणि जाड कागदाचे गठ्ठे फार मोठे होतात असे ठरल्यावर सारे पूर्वस्थळी आले. साम्राज्याची दौलत ज्या दप्तरातून चाले त्याचे असे ओझरते दर्शन सरकारी कागदांत क्वचितच सापडते.

फेब्रुवारी १९०१ मध्ये नवा राजा सातवा एडवर्ड याच्यासह तो फ्रांकफुर्टजवळील क्रोनबेर्ग येथे गेला. राजाची बहीण व पॉन्सन्बीची धर्ममाता व्हिक्टोरिया, म्हणजेच सम्राज्ञी फ्रेडरिक, तेथे कर्करोगाने मरणोन्मुख होती. १८८८ मध्ये तिचा पती वारताच पुत्र कैसर दुसरा विल्हेल्म याने लष्कराकडून राजवाडा वेढून कागदपत्रांचा शोध घेतला होता. तो अनुभव ती विसरली नव्हती. आईला आयुष्यभर लिहिलेली आपली पत्रे त्याच्या हाती पडू नयेत म्हणून तिने ती या धर्मपुत्राच्या हवाली करण्याचे ठरविले. लहानसे पुडके येईल या कल्पनेने तो वाट पाहत होता. मध्यरात्रीनंतर तबेल्यातील माणसे दोन मोठ्या पेट्या घेऊन खोलीत शिरली. एकीवर ‘चिनी मातीची भांडी’ आणि दुसरीवर ‘पुस्तके’ असे लिहून, त्याने त्या आपल्या सामानातून कैसरच्या देखत बाहेर काढल्या. ही अमानत त्याने सत्तावीस वर्षे सांभाळली व १९२८ मध्ये निवडक पत्रे प्रसिद्ध केली. पदच्युत कैसरने प्रकाशन रोखण्याची खटपट केली. ती न साधल्यावर जर्मन आवृत्तीला स्वतःच प्रस्तावना जोडली. सम्राज्ञीने पत्रे सांभाळावयास दिली होती की छापावयास, हा वाद तेव्हाच उपस्थित झाला. मुलाने आईची बदनामी करू दिली म्हणून तिची बाजू पुढे यावी, हे पॉन्सन्बीचे समर्थन पटण्यासारखे असले, तरी अमानत सांभाळणाऱ्याने तिचा अर्थही स्वतःच ठरवावा हे निर्वेध मानता येत नाही.

बोअर युद्धात १९०१–०२ मध्ये व पुन्हा १९१४ मध्ये फ्रान्समध्ये तो पलटणीबरोबर रणांगणावर होता. दरम्यान एडवर्डच्या परदेशप्रवासांत तो सोबत असे. १९०८ मध्ये त्याचा धाकटा भाऊ आर्थर, जो पुढे मजूर पक्षाचा व शांततावादाचा पुढारी झाला, याने राजाच्या रशियाभेटीविरुद्ध पार्लमेंटात मत दिले, तेव्हा रागावलेल्या राजाने उद्यानभोजनाच्या निमंत्रितांतून त्याचे नाव काढले. राजवाड्यात नोकरीस असलेल्या थोरल्या भावाची कुचंबणा सहज कल्पिता येईल. १९१४ पासून तो खासगीचा कारभारी होता. हे पद मराठी वाचकाला पेशवाईतील खासगीवाल्यांच्या अधिकारावरून चटकन उमगेल : राज्याचा खजिना निराळा व धन्याच्या घरखर्चाची तिजोरी निराळी, आणि दुसरीचा हिशेब धन्याच्या विश्वासातल्या माणसाकडे. राजाचा जमाखर्च चोख ठेवणाऱ्या या गृहस्थाला स्वतःच्या पैशाचा मेळ मात्र कधी बसला नाही. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या ‘ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर’ या बहुमानाच्या आखणीत त्याचा भाग होता. १९२८ पासून विंडसर किल्ल्याचा उपराज्यपाल हे पदही त्याच्याकडे आले, आणि १९३५ मध्ये त्याला बॅरन सिसन्बी ही सरदारकी मिळाली; ती त्याने जेमतेम काही महिने उपभोगली.

ग्रेनेडियर गार्ड्सच्या महायुद्धातील कामगिरीचा त्याने लिहिलेला त्रिखंडात्मक इतिहास १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. तो ग्रंथ आज पलटणीबाहेर फारसे कोणी उघडत नाही. त्याच्या आठवणी मृत्यूनंतर १९५१ मध्ये बाहेर आल्या. वरील आग्र्याचा, शाईचा व पेट्यांचा प्रसंग त्यांतलाच. गोष्ट रंगवून सांगण्याचा त्याला सोस होता, त्यामुळे एखाद्या संवादाचा शब्दन् शब्द खरा धरू नये. परंतु राजवाड्यातल्या जेवणाच्या टेबलापाशी कोण कुणाशी बोलत नव्हते, हे त्याच्याइतके नेमके क्वचितच कोणी टिपले असेल.