लांब तार आणि शेवटची पेटी

इ. स. २००५ च्या जानेवारींत महानगर टेलिफोन निगमानें मुंबईंत ‘ट्रायबँड’ या नांवाची ब्रॉडबँड सेवा सुरू केली. घरांत वर्षानुवर्षें असलेली टेलिफोनची तांब्याची तार तीच. तिच्या टोकाला मोडेम नांवाची लहानशी पेटी जोडली कीं, त्याच तारेवरून बोलणें आणि इंटरनेट हीं दोन्ही एकाच वेळीं चालत. परंतु या सेवेंत एक मोठी विषमता मुळांतच होती. टेलिफोन केंद्राशेजारच्या इमारतींत जी पेटी भराभर चाले, तीच पेटी केंद्रापासून चार-पांच किलोमीटर लांब तारेच्या टोकाला नेली कीं अडखळे. पाऊस लागला म्हणजे कधीं कधीं मूकहि होई. मग गृहस्थ बाजारांत जाई आणि दुकानदार त्याच्या हातीं अधिक किंमतीची, अधिक मोठा आंकडा छापलेली पेटी देई. तिनेंहि गुण येत नसे. दोष पेटीचा, तारेचा, कीं निवडीचा? या प्रश्नाचें उत्तर फार जुन्या एका इतिहासांत सांपडतें.

ऑगस्ट १८५८ मध्यें आयर्लंडपासून न्यूफाउंडलंडपर्यंत अटलांटिक महासागराच्या तळाशीं तारायंत्राची पहिली केबल पोंचली. तिच्यावरून राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश जावयास सुमारें १६ तास लागले. केबलच्या विद्युत्-कामाची धुरा वाइल्डमन व्हाइटहाउस या गृहस्थांकडे होती. ते मूळचे शस्त्रवैद्य. तार लांब, म्हणून धक्काहि मोठा हवा, असा त्यांचा समज. त्यांनीं सुमारें २००० व्होल्टांचा दाब लावला. केबलचें वेष्टण आधींच सदोष होतें. या माऱ्यानें तें अधिकच बिघडलें आणि अवघ्या कांहीं आठवड्यांत केबल कायमची मुकी झाली.

ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन, जे पुढें लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्धीस आले, यांचा मार्ग निराळा होता. अशा तारेची लांबी दुप्पट झाली कीं संदेशाचा विलंब चौपट होतो, हें त्यांनीं गणितानें आधींच दाखविलें होतें. त्यांनीं एका चिमुकल्या आरशास चुंबक चिकटवून तो रेशमाच्या धाग्यावर टांगला व त्यावर दिव्याचा किरण सोडला. तारेंतून अत्यंत क्षीण प्रवाह आला तरी समोरच्या पट्टीवरील प्रकाशबिंदु हले आणि संदेश वाचतां येई. व्हाइटहाउस यांनीं तारेवर जोर केला. थॉमसन यांनीं तारेच्या टोकाचा कान तीक्ष्ण केला. जय कानाचा झाला.

हा धडा मुंबईच्या किनाऱ्यासहि लागला. इ. स. १८७० च्या आरंभीं ‘ग्रेट ईस्टर्न’ हें अजस्र जहाज मुंबईस आलें आणि येथून एडनपर्यंत केबल टाकीत गेलें. त्याच वर्षींच्या जूनमध्यें मुंबई व लंडन समुद्रमार्गानें तारेनें जोडलीं गेलीं. या लांब केबलांच्या टोकांवरहि सूक्ष्म प्रवाह ओळखणारींच यंत्रें चाललीं.

१८८२ सालीं मुंबईंत टेलिफोनचें केंद्र निघालें. १९४३ सालीं मुंबईची टेलिफोन व्यवस्था सरकारनें आपल्या ताब्यांत घेतली, आणि १९८६ च्या एप्रिलमध्यें ती महानगर टेलिफोन निगमाकडे आली. मधल्या काळांत शहर उत्तरेकडे वाढत गेलें. १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यास निघालेली पहिली आगगाडी ज्या भूमीवरून धांवली, तें घाटकोपर १९५० सालीं बृहन्मुंबईंत आलें. पूर्वेस खाडी व मिठागरें, पश्चिमेस असल्फ्याच्या टेकड्या, मधून लोहमार्ग, अशी या उपनगराची ठेवण. अशा गांवीं नकाशावर टेलिफोन केंद्र हांकेच्या अंतरावर दिसलें, तरी तार रस्त्यांच्या कडेनें वळसे घेत, एका पेटींतून दुसऱ्या पेटींत जोडली जात घरास पोंचते. तिची खरी लांबी चालत जाण्याच्या अंतराहून पुष्कळदां अधिक भरते.

ही तार मनुष्याच्या आवाजासाठीं घातलेली. आवाजास सुमारें ४ किलोहर्ट्झपर्यंतच्या लहरी पुरतात. ब्रॉडबँडच्या पहिल्या पद्धतीस ११०० किलोहर्ट्झपर्यंतच्या, व तिच्या पुढच्या पिढीस २२०० पर्यंतच्या लागल्या. लहरी जितक्या जलद, तितकी ती तांब्यांत लवकर विरते. तंत्रज्ञ ही क्षीणता डेसिबलांत मोजतात. साधारण हिशेबानें किलोमीटरमागें १३ ते १४ डेसिबल धरतात. म्हणजे चार किलोमीटरांवर सुमारें ५५. अर्थात् पाठविलेल्या शक्तीचा जेमतेम तीन लाखांवा भाग घरास पोंचतो. पेटीवर २४ मेगाबिटांचा आंकडा असे, तो केंद्रालगतच्या घरासाठीं. तो आंकडा ज्या जलद लहरींवर अवलंबून, त्या लांब तारेंत अर्ध्या वाटेंतच नाहींशा होत. दूरच्या घरास त्या आंकड्याचा उपयोग शून्य.

मग दूरच्या घरीं कांहींच पोंचत नसे काय? पोंचत असे, आणि तें कसें हें समजण्याजोगें आहे. अमेरिकेंत बेलकोर संस्थेचे जोसेफ लेकलायडर यांनीं असें सुचविलें कीं, घराकडे येणारा ओघ मोठा व घरांतून जाणारा लहान ठेवावा, म्हणजे एकच तार अधिक काम देईल. स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन सिऑफी यांनीं पुरस्कारिलेल्या पद्धतीनें तारेच्या लहरींचा पट्टा सुमारें अडीचशें अरुंद वाटांत विभागला. १९९३ सालच्या तुलनात्मक परीक्षेंत हीच पद्धति सरस ठरली. मोडेम प्रथम प्रत्येक वाट तपासून पाहतो. चांगल्या वाटेवर तो अधिक भार घालतो, खराबीवर थोडा, आणि मेलेल्या वाटेवर मुळींच नाहीं. जाणता शेतकरी बैलाची ताकद पाहून ओझें लादतो, तसाच हा प्रकार. थॉमसन यांच्या आरशाचा हा वंशजच म्हणावा.

यावरून लांब तारेच्या घरानें पेटी कशी निवडावी, हें उघड होतें. छापील आंकड्यास भुलूं नये. अँटेना किती, वायरलेसची गति किती, या गोष्टी घरांतल्या घरांत उपयोगी. केंद्रापासून येणाऱ्या तारेवर त्यांचा कांहींहि परिणाम होत नाहीं. विचारावें तें असें: क्षीण संदेश ही पेटी किती नेटानें धरून ठेवते? क्षीणतेचा आंकडा, आणि संदेश व कोलाहल यांमधील राखीव अंतर, हीं ती दाखविते काय? हें अंतर साधारण ६ डेसिबल राखीत. तें कमी केलें तर गति थोडी वाढे, पण जोड वारंवार तुटे. वाढविलें तर गति घटे, पण जोड टिके. लांब तारेवर टिकाऊपणच श्रेयस्कर. तसेंच २००२ साली निघालेल्या सुधारित पद्धतींत लांब तारांसाठीं खास सोय होती. ती पेटींत असावी; पण केंद्रांतील यंत्रांतहि नसली तर व्यर्थ, कारण बोलणारे दोघे एकाच भाषेचे हवेत.

आणि पेटी घेण्यापूर्वीं आपल्या घराकडे पाहावें. घरांत तार शिरते त्या पहिल्याच जागीं मोडेम लावून पाहावा. खोल्याखोल्यांतून फिरविलेली जुनी तार सोडवावी. प्रत्येक टेलिफोनास गाळणी लावावी. पुष्कळदां रोग पेटींत नसून भिंतींतल्या गंजलेल्या जोडांत असे, आणि तो कांहीं रुपयांत बरा होई.

१४ ऑक्टोबर २००४ रोजीं जाहीर झालेल्या सरकारी धोरणानें २५६ किलोबिटांच्या गतीस ब्रॉडबँड म्हटलें होतें. २०२३ साली ती मर्यादा २ मेगाबिटांवर गेली. कांचेच्या तंतूंत प्रकाशाची क्षीणता किलोमीटरमागें अर्ध्या डेसिबलहूनहि कमी असते, त्यामुळें जेथें तो तंतु पोंचला तेथें दूर व जवळ हा भेद बहुतांशीं मिटला. जेथें अद्याप तांबेंच आहे, तेथें मात्र अटलांटिकच्या तळाशीं शिकलेला धडा लागू आहे. मार्ग लांब असेल, तर मोठ्यानें ओरडण्यापेक्षां लक्ष देऊन ऐकणाराच अधिक ऐकतो.