‘क’चे पदार्थ: केळ्यापासून किमचीपर्यंत कोणाला काय चालतं?

फळवाल्याच्या गाडीवर केळी आणि कलिंगडांच्या शेजारी आता किवीचे डबे असतात. सुपरमार्केटमध्ये कोबीजवळ केल दिसतं, तांदळाजवळ क्विनोआ आणि कुसकुस, फ्रिजमध्ये किमची, केफिर आणि कोंबुचा. कोणी परदेशातून येताना आणतं, कोणी व्हिडिओ बघून मागवतं. मग तपासणी संपल्यावर, उठता उठता, नातेवाईक विचारतात, “डॉक्टर, हे यांना चालेल ना?”

‘क’पासून सुरू होणारे असे देशोदेशीचे पदार्थ या लेखात एकत्र घेतले आहेत. अक्षर एक असलं तरी त्यांच्यात वैद्यकीय नातं काही नाही. उलट त्या अक्षरामुळे गोंधळच जास्त होतो, आणि सगळ्यात मोठा गोंधळ रक्ताच्या रिपोर्टवर छापलेला असतो.

रिपोर्टमधला ‘के’ आणि व्हिटॅमिन ‘के’

रिपोर्टमध्ये सोडियमच्या ओळीखाली इंग्रजी ‘के’ हे अक्षर असतं. ते पोटॅशियमचं चिन्ह आहे. पोटॅशियमचं लॅटिन नाव कॅलियम, म्हणून ‘के’. व्हिटॅमिन ‘के’ ही पूर्णपणे वेगळी गोष्ट. डेन्मार्कचे हेन्रिक डाम यांना कोंबडीच्या पिल्लांवर प्रयोग करताना दिसलं की ठरावीक आहारावर वाढलेल्या पिल्लांना रक्तस्राव होतो. रक्त गोठायला लागणारा जो घटक त्या आहारात नव्हता, तो म्हणजे हे जीवनसत्त्व. जर्मन आणि डॅनिश भाषांत ‘कोआग्युलेशन’ म्हणजे रक्त गोठणं हा शब्द ‘के’ने लिहितात, त्यावरून हे नाव पडलं. या शोधासाठी डाम यांना १९४३ सालचं नोबेल मिळालं, एडवर्ड डॉइझी यांच्यासोबत.

ही माहिती परीक्षेसाठी नाही. किडनीच्या रुग्णाने लक्ष ठेवायचं ते पोटॅशियमवर. रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा असिट्रोमसारखी गोळी घेणाऱ्याने लक्ष ठेवायचं ते व्हिटॅमिन ‘के’वर. ‘के वाढलाय’ एवढंच ऐकून घरचे लोक इंटरनेटवर शोधतात, व्हिटॅमिन ‘के’ची यादी सापडते, कोबी बंद होतो आणि ताकदीसाठी शहाळं चालूच राहतं. एका भरलेल्या शहाळ्यात साधारण दीड-दोन केळ्यांइतकं पोटॅशियम असतं.

केळं, किवी, कलिंगड

रक्तातलं पोटॅशियम साधारणपणे ३.५ ते ५ च्या दरम्यान असावं. किडनी नीट काम करत असेल तर जास्तीचं पोटॅशियम लघवीतून निघून जातं, आणि केळं खाण्यात काहीच अडचण नाही. किडनी कमजोर असेल तर ते रक्तात साठतं. ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, तेही पुष्कळदा आधी काही न जाणवता. म्हणून या बाबतीत ‘त्रास झाला तर बघू’ म्हणून चालत नाही.

१०० ग्रॅम केळ्यात सुमारे ३५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, किवीत ३०० च्या आसपास. कलिंगडात १०० ग्रॅमला फक्त ११० च्या जवळपास, पण कलिंगड १०० ग्रॅम कोण खातं? उन्हाळ्यात पाऊण किलो सहज पोटात जातं, त्यात पाणीही भरपूर असतं, आणि डायलिसिसवर असलेल्या माणसाला ते पाणीही मोजावं लागतं. डायलिसिसच्या दोन दिवसांमध्ये जास्त अंतर पडतं तेव्हा विशेष जपावं. बटाटा आणि इतर भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिलं की पोटॅशियम बरंच कमी होतं. आणि ‘लो सोडियम’ मीठ किडनीच्या रुग्णाने विचारल्याशिवाय आणू नये. त्यात सोडियमच्या जागी बहुतेक वेळा पोटॅशियमच घातलेलं असतं. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तरी हेच लागू, कारण या गोळ्या पोटॅशियम वाढवू शकतात.

करंबळ: किडनीच्या रुग्णाने चाखूही नये

या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. करंबळ, हिंदीत कमरख, बाजारात स्टारफ्रूट. कापल्यावर पाचकोनी चांदणी दिसते ते पिवळट हिरवं आंबटगोड फळ. त्याचं ‘कॅरम्बोला’ हे इंग्रजी नाव पोर्तुगिजांमार्फत गेलं, आणि त्याचं मूळ बहुधा आपला ‘करंबळ’ हाच शब्द आहे. कोकण-गोव्यात परसात झाड असतं, तिखटमीठ लावून मुलं खातात. शिवाय आता हॉटेलात पेयाच्या ग्लासावर एक चकती खोचलेली असते.

निरोगी माणसाने एखाद-दुसरं फळ खाल्लं तर काही होत नाही. पण किडनी निकामी झालेल्या माणसाला ते विष ठरू शकतं. ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी डायलिसिसवरच्या रुग्णांमध्ये हे प्रथम तपशीलवार नोंदवलं, आणि २०१३ साली तिथल्याच शास्त्रज्ञांनी या फळातला ‘कॅरम्बॉक्सिन’ हा मेंदूवर परिणाम करणारा घटक वेगळा काढला. निरोगी किडनी तो बाहेर टाकते, आजारी किडनी टाकू शकत नाही.

सुरुवात बऱ्याचदा न थांबणाऱ्या उचकीने होते. काही तासांत उलट्या, झोप उडणं, हातापायांत अशक्तपणा, बोलण्यात असंबद्धपणा, आणि पुढे फिट्स येऊ शकतात. मृत्यूही झालेले आहेत. काही रुग्णांना अर्ध्या फळानेही त्रास झालेला आहे, त्यामुळे ‘एक फोड चालेल’ असं सुरक्षित प्रमाण सांगता येत नाही. किडनीच्या रुग्णाला अशी उचकी लागली तर साखर चघळत बसू नका. काय खाल्लं ते आठवा, ते डॉक्टरांना सांगा आणि ताबडतोब डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. वेळेवर केलेलं डायलिसिस हाच यावरचा मुख्य उपचार आहे.

किडनी चांगली असलेल्यांसाठीही एक सूचना. या फळात ऑक्सॅलेट भरपूर असतं. रिकाम्या पोटी ग्लासभर रस ‘औषध’ म्हणून प्यायल्याने चांगली किडनी अचानक बंद पडल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. याच कुळातल्या बिलिंबीचा रस कोलेस्टेरॉलसाठी पिऊन केरळमध्ये तसंच घडलं. आमटीत घातलेल्या दोन फोडी आणि ग्लासभर रस यांत फार फरक आहे.

रक्त पातळ करणारी गोळी आणि केल

केल हा कोबीचा पाश्चात्त्य भाऊबंद, गड्डा न धरणारा, कुरळ्या पानांचा. त्यात व्हिटॅमिन ‘के’ भरपूर: १०० ग्रॅममध्ये कित्येकशे मायक्रोग्रॅम, आणि मोठ्या माणसाची रोजची गरज साधारण १०० मायक्रोग्रॅमच्या आसपास. कोथिंबीरही त्याच तोडीची, १०० ग्रॅमला सुमारे ३००. कोबीत त्याहून बरंच कमी.

वॉरफरिन आणि असिट्रोम व्हिटॅमिन ‘के’च्या कामात अडथळा आणून रक्त पातळ ठेवतात. हृदयात धातूची झडप बसवलेल्या रुग्णांना अशी गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि आपल्याकडे त्यांत संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेल्या तरुण मुली, बायका बऱ्याच असतात. रोज सकाळी केलचा हिरवा रस सुरू केला तर आयएनआर खाली येतो आणि झडपेवर गुठळी बसू शकते. याचा अर्थ हिरवं बंद करा असा नाही. बंद केलं तर आयएनआर वर जातो आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. रोज साधारण सारखं खा, एवढंच. भाजीवर पेरलेली कोथिंबीर हिशेबात धरू नका, कोथिंबीर वडीचा बेत मात्र महिन्यातून एकदाच असू दे. ताप, जुलाबात जेवण तुटलं किंवा अँटिबायोटिक सुरू झालं, तर आयएनआर लवकर तपासून घ्या. हिरड्यांतून रक्त येणं, काळी शौच, अंगावर काळेनिळे डाग दिसणं ही गोळी जास्त होत असल्याची लक्षणं असू शकतात. अपिक्साबॅन, डॅबिगॅट्रान यांसारख्या नव्या गोळ्यांना हे पथ्य नाही. पण धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत, तेव्हा परस्पर बदलू नका.

किवी आणि प्लेटलेट

पावसाळ्यात डेंग्यू वाढला की किवीही महाग होतं. किवी मूळचं चीनचं. १९०४ मध्ये त्याच्या बिया न्यूझीलंडला गेल्या आणि १९५९ मध्ये व्यापारासाठी त्याला ‘किवी’ हे नाव मिळालं. त्यात व्हिटॅमिन ‘सी’ चांगलं असतं, बद्धकोष्ठतेला उपयोग होतो. प्लेटलेट मात्र त्याने वाढत नाहीत. डेंग्यूत त्या काही दिवस उतरतात आणि बहुतेकांत आपोआप चढतात. श्रेय त्या दिवशी खाल्लेल्या फळाला मिळतं. किवीवर शेकड्याने पैसे घालवण्यापेक्षा रुग्ण किती पितोय आणि लघवी किती होतेय ते बघा. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हातपाय गार पडणं, कुठूनही रक्त येणं दिसलं तर लगेच रुग्णालयात न्या, विशेषतः ताप उतरल्यावर. त्या वेळी गाफील राहण्याची चूक सर्रास होते.

किवीने ओठ किंवा जीभ खाजत असेल तर ती अ‍ॅलर्जी असू शकते. रबरी हातमोज्यांची अ‍ॅलर्जी असलेल्यांना किवी आणि केळं या दोन्हींचा त्रास होऊ शकतो.

क्विनोआ की कुसकुस?

दिसायला जवळपास सारखे, पण कुसकुस हा उत्तर आफ्रिकेतला गव्हाच्या रव्याचा पदार्थ. क्विनोआ हे पेरू-बोलिव्हियाच्या डोंगराळ भागातलं बी, राजगिऱ्याच्या कुळातलं. सिलियाक आजार असलेल्या मुलाला क्विनोआ चालतो, कुसकुस अजिबात नाही. दुकानदार दोन्ही ‘हेल्दी’ म्हणून देतो, तेव्हा पाकीट वाचा. मधुमेहींनी क्विनोआही मोजूनच खायचा, तोही पिष्टमयच आहे. माझ्या मते परवडत असेल तर बदल म्हणून ठीक. ज्वारी आणि राजगिरा सोडून त्याच्यामागे धावण्यासारखं त्यात काही नाही.

कसावा

नाव परकं, पण उपासाला हाच कंद आपण खातो. आपला साबुदाणा कसाव्याच्या स्टार्चपासून बनतो, त्याचा बहुतेक कारभार तमिळनाडूतल्या सेलम भागात आहे. कडू जातीच्या कच्च्या कसाव्यात सायनाइड तयार करणारे घटक असतात. आफ्रिकेत दुष्काळात तो पुरेसा न भिजवता खाल्ल्याने पाय कायमचे लुळे करणारा ‘कोंझो’ हा आजार होतो. साबुदाणा धुऊन, प्रक्रिया करून बनतो, त्याला ही भीती नाही. मधुमेहींना मात्र साबुदाण्याची खिचडी साखर झपाट्याने वाढवते. उपासाच्या दिवशी इन्सुलिन किंवा गोळ्यांचं काय करायचं ते आदल्या दिवशी विचारा.

किमची, केफिर, कोंबुचा

तिन्ही आंबवलेले. कोरियाची किमची म्हणजे लोणच्यासारखीच मिठाची गोष्ट: रक्तदाब, हार्ट फेल्युअर असेल तर दोन-तीन तुकड्यांवर थांबा. कॉकेशस भागातलं केफिर आंबवलेलं दूध, ताकाच्या जवळचं, बहुतेकांना चालतं. कोंबुचात साखर असते आणि थोडा अल्कोहोलही तयार होतो. गरोदर स्त्रिया, केमोथेरपी घेणारे आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे यांनी घरी बनवलेला कोंबुचा टाळावा.

घरचे दोन: कुळीथ आणि कारलं

मुतखड्यावर कुळथाचं कढण देतात. पातळ कढणाने पाणी पोटात जातं, ते चांगलंच. मोठा खडा त्याने विरघळत नाही. अडचण होते ती ‘किडनीचा त्रास’ या एका शब्दाखाली सगळं आल्यावर. मुतखड्याच्या रुग्णाला भरपूर पाणी प्यायला सांगतात, डायलिसिसच्या रुग्णाला पाणी मोजून. शेजारच्या काकांना लागू पडलेलं कढण तुमच्या घरच्या रुग्णाला उलटं पडू शकतं.

कारल्याची भाजी मधुमेहींना चालते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन वर रिकाम्या पोटी कारल्याचा रस प्यायलात, तर साखर खूप खाली जाऊन घाम, थरथर, गरगरणं होऊ शकतं. तसं झालं तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्यावी, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी आणि रसाबद्दल डॉक्टरांना सांगावं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, थेट रुग्णालयात न्यावं.