सेवाशर्तींतील विवाहबंदी आणि वर्तननियम

कामाच्या ठिकाणी कर्मचाऱ्यांच्या परस्परसंबंधांचे व वर्तनाचे नियमन असावे काय, हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. भारतीय आस्थापनांत असे नियम पूर्वीपासून होते. मात्र ते कोणावर बंधनकारक होते, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते.

मुंबईतील इंटरनॅशनल फ्रँचायझीज या औषधनिर्मिती कंपनीत स्त्री-कामगाराचा विवाह होताच तिची सेवा संपुष्टात येत असे. विवाहित स्त्रिया वारंवार गैरहजर राहतात, असा व्यवस्थापनाचा युक्तिवाद होता. औद्योगिक न्यायाधिकरणाने कामगारांची मागणी फेटाळली. परंतु बॉम्बे लेबर युनियनच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये हा नियम अन्याय्य ठरविला. अडचण प्रसूतिरजेपुरती असेल, तर रजा-राखीव म्हणून काही जादा स्त्रिया नेमता येतील, इतके साधे उत्तर न्यायालयाने दिले. परराष्ट्र सेवेतील स्त्री-अधिकाऱ्यास विवाहापूर्वी शासनाची लेखी अनुमती घेण्यास लावणाऱ्या नियमावर न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७९ मध्ये कठोर टीका केली.

यानंतरही वाट सरळ नव्हती. एअर इंडियाची हवाई सुंदरी वयाच्या ३५ व्या वर्षी, सेवेच्या पहिल्या चार वर्षांत विवाह केल्यास अथवा प्रथम गर्भधारणा होताच, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा निवृत्त होत असे. पुरुष सहायक फ्लाइट पर्सर मात्र ५८ पर्यंत सेवेत राहत. १९८१ च्या नर्गिस मिर्झा खटल्यात गर्भधारणेची अट रद्द झाली, पण चार वर्षांची विवाहबंदी टिकली. तिच्या समर्थनार्थ न्यायालयाने कर्मचाऱ्याच्या आरोग्याबरोबर कुटुंबनियोजनाचाही दाखला द्यावा, हे आज वाचताना विलक्षण वाटते. कर्मचाऱ्याच्या संसाराचा हिशेब मालकाने ठेवण्यास जणू न्यायसंमती मिळाली.

अधिकाराच्या बळावर होणाऱ्या गैरवर्तनाबाबत मात्र हीच तत्परता दिसत नाही. राजस्थानातील एका साथिनीवरील १९९२ च्या सामूहिक बलात्कारानंतर दाखल झालेल्या याचिकेवर १९९७ मध्ये विशाखा निर्णय आला. तक्रार समितीचे अध्यक्षपद स्त्रीकडे व किमान निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात, असे त्यात सांगितले होते. खासगी मालकांसाठी १९४६ च्या कायद्याखालील स्थायी आदेशांत लैंगिक छळास मनाई समाविष्ट करण्याचेही निर्देश होते. चोरी, सततची गैरहजेरी, दंगामस्ती यांना त्या आदेशांच्या नमुन्यात गैरवर्तन म्हणून आधीपासूनच जागा होती. छळाबाबत असा निर्देश येण्यास मात्र अर्धशतक जावे लागले. पुढे २०१३ च्या कायद्याने छळाची व्याख्या 'नकोशा' वर्तनावर आधारली. परस्परसंमतीचे संबंध तिच्या कक्षेबाहेरच राहिले.