पदवी शिकाऊ उमेदवारी (इंग्लंड)

पदवी शिकाऊ उमेदवारी ही इंग्लंडमधील उच्च शिक्षणाची एक पद्धत आहे. या पद्धतीत उमेदवार एखाद्या आस्थापनेत पगारी नोकरी करीत असतानाच विद्यापीठाची पदवी संपादन करतो. २०१५ साली ही पद्धत सुरू झाली. अभ्यासक्रमाचा कालावधी सामान्यतः तीन ते सहा वर्षांचा असून शिक्षणशुल्काचा भार उमेदवारावर पडत नाही. कायद्याच्या दृष्टीने उमेदवार प्रथम कर्मचारी असतो व नंतर विद्यार्थी. या पद्धतीतील बहुतेक सोयी आणि अडचणी या क्रमातूनच निर्माण होतात.

संज्ञा

'उमेदवार' हा शब्द फारसीतून मराठीत आला असून त्याचा मूळ अर्थ 'आशा बाळगणारा' असा आहे. नोकरी लागेल या आशेवर कचेरीत राबणाऱ्याला पूर्वी उमेदवार म्हणत. इंग्लंडमधील पदवी उमेदवाराला नेमणूकपत्र पहिल्याच दिवशी मिळते, त्यामुळे ही संज्ञा त्याला तंतोतंत लागू पडत नाही. तथापि सरकारी मराठीत 'शिकाऊ उमेदवार' हाच शब्द रूढ आहे.

पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये 'सँडविच' अभ्यासक्रमांची परंपरा जुनी आहे. त्यांत विद्यार्थी विद्यापीठाचाच असतो व मधला काही काळ कारखान्यात काढतो. जर्मनीत १९७२ साली श्टुटगार्ट येथे डायम्लर-बेंझ, बॉश आणि स्टँडर्ड इलेक्ट्रिक लॉरेंत्स या कंपन्यांच्या पुढाकाराने द्विस्तरीय शिक्षणाचा प्रयोग झाला. त्यातूनच पुढे बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याचे 'दुआले होखशूले' हे विद्यापीठ २००९ साली उभे राहिले.

इंग्लंडमधील योजनेला खरी गती मिळाली ती ६ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या शिकाऊ उमेदवारी करामुळे. ज्या आस्थापनेचा वार्षिक वेतनखर्च ३० लाख पौंडांहून अधिक आहे तिच्याकडून वेतनखर्चाच्या ०.५ टक्का दराने हा कर घेतला जातो. ही रक्कम आस्थापनेला प्रामुख्याने उमेदवारांच्या प्रशिक्षणासाठी वापरता येते; न वापरल्यास ती हातची जाते. साहजिकच मोठ्या कंपन्यांनी विद्यापीठांशी करार करण्याचा सपाटा लावला. पदवी अभ्यासक्रमासाठी या निधीतून दर उमेदवारामागे कमाल २७,००० पौंड मिळू शकतात.

निवड

विद्यापीठात अर्ज केला की प्रवेश मिळतो, असे येथे होत नाही. अर्ज कंपनीकडे करावा लागतो आणि निवडही प्रामुख्याने कंपनीच करते. ऑनलाइन चाचण्या, गटचर्चा, मुलाखत असे टप्पे अठराव्या वर्षीच पार पाडावे लागतात. कंपन्यांच्या जाहिराती वर्षभर वेगवेगळ्या वेळी निघतात. त्यामुळे अनेक विद्यार्थी एकीकडे विद्यापीठाचा नेहमीचा अर्ज भरून ठेवतात व दुसरीकडे कंपनीच्या पत्राची वाट पाहतात.

काम आणि अभ्यास

नियमानुसार उमेदवाराला नेहमीच्या कामाबाहेरील प्रशिक्षणासाठी पगारी वेळ मिळालाच पाहिजे. पूर्वी हे प्रमाण कामाच्या तासांच्या २० टक्के होते. ऑगस्ट २०२२ पासून पूर्णवेळ उमेदवारासाठी आठवड्याला किमान सरासरी ६ तास अशी मर्यादा घालण्यात आली. काही कंपन्या आठवड्यातील एक दिवस विद्यापीठासाठी मोकळा ठेवतात, तर काही सलग एक-दोन आठवडे उमेदवाराला वर्गात पाठवतात.

कागदावर ही विभागणी स्वच्छ दिसते. प्रत्यक्षात व्याख्याने पगारी वेळेत होत असली तरी निबंध, प्रकल्प-अहवाल आणि परीक्षेची तयारी यांचा बराचसा भाग संध्याकाळी व शनिवार-रविवारी उरकावा लागतो. विद्यापीठाची उन्हाळी सुटी उमेदवाराच्या वाट्याला येत नाही. त्याला नोकरदाराची वार्षिक रजा मिळते. विभागातील काम अंगावर आले की अभ्यासाच्या दिवसावर पहिली कुऱ्हाड पडते, आणि नवख्या उमेदवाराला वरिष्ठापुढे 'आज माझा विद्यापीठाचा दिवस आहे' असे म्हणणे अवघड जाते. त्यामुळे उमेदवाराचा अनुभव विद्यापीठाच्या नावापेक्षा निकटच्या वरिष्ठावर अधिक अवलंबून असतो. साधारणपणे दर बारा आठवड्यांनी उमेदवार, वरिष्ठ आणि विद्यापीठाचा प्रतिनिधी यांची आढावा-बैठक होते. अशा तक्रारी मांडण्याची खरी जागा तीच.

मोठ्या कंपनीत उमेदवाराला सहसा काही महिन्यांनी विभाग बदलून दिला जातो. एकाच वर्षाच्या उमेदवारांची तुकडी असल्याने सोबतही मिळते. वर्गात शिकलेली गोष्ट दुसऱ्याच आठवड्यात यंत्रासमोर किंवा संगणकप्रणालीत पडताळता येणे, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ मानला जातो. याउलट वसतिगृह, मंडळे, रात्ररात्र चालणाऱ्या गप्पा हे विद्यार्थिजीवन बहुधा हुकते. या पद्धतीच्या जवळचे पण वेगळे उदाहरण विल्टशायरमधील माम्सबरी येथे दिसते. जेम्स डायसन यांनी २०१७ साली आपल्या कंपनीच्या आवारातच अभियांत्रिकी संस्था काढली आणि पुढे विद्यार्थ्यांसाठी तेथेच निवासही बांधला.

वेतन व दर्जा

एकोणीस वर्षांखालील किंवा पहिल्या वर्षातील उमेदवाराला लागू असणारे वैधानिक किमान वेतन एप्रिल २०२५ पासून ताशी ७.५५ पौंड होते. मोठ्या कंपन्या सहसा याहून बरेच अधिक वेतन देतात. इंग्लंडमध्ये नेहमीच्या पदवीचे शुल्क २०१७ पासून अनेक वर्षे वार्षिक ९,२५० पौंडांपर्यंत होते. त्यापायी होणारे कर्ज येथे टळते. मात्र विद्यार्थी-कर्ज व विद्यार्थी म्हणून मिळणाऱ्या कित्येक सवलतीही मिळत नाहीत. उदाहरणार्थ, पूर्णवेळ विद्यार्थ्याला माफ असणारा काउन्सिल टॅक्स उमेदवाराला माफ होण्यासाठी त्याचे वेतन आठवड्याला १९५ पौंडांपर्यंतच असावे लागते.

नोकरी गेल्यास शिक्षणावरही गदा येते. नोकरकपात झाली आणि अभ्यासक्रमाचा ७५ टक्के भाग पूर्ण झालेला असेल किंवा शेवटचे सहा महिने उरले असतील, तर उर्वरित शिक्षणाचा खर्च शासन उचलते. त्याआधी नोकरी गेल्यास उमेदवाराला बारा आठवड्यांच्या आत दुसरी आस्थापना शोधावी लागते.

मूल्यमापन

ज्ञान, कौशल्य आणि वर्तन या तीन अंगांचे पुरावे उमेदवार वर्षानुवर्षे जमवीत जातो. शेवटी अंतिम मूल्यमापन होते. त्यात कामाच्या ठिकाणचा प्रकल्प, सादरीकरण आणि व्यावसायिक संभाषण यांचा समावेश असतो. ज्या अभ्यासक्रमांत पदवी आणि अंतिम मूल्यमापन वेगवेगळे होते, तेथे काही उमेदवार पदवी हाती येताच मूल्यमापन न देता बाहेर पडत. म्हणून पुढे दोन्ही एकत्र करण्यावर भर देण्यात आला.

टीका

ही योजना गरीब घरांतील मुलांसाठी कर्जमुक्त वाट ठरेल अशी अपेक्षा होती. परंतु नामांकित कंपन्यांतील जागा थोड्या आणि अर्जदार फार असल्याने, मुलाखतीची तयारी करून घेणारी शाळा व माहितगार पालक ज्यांना लाभले आहेत तेच पुढे जातात, अशी टीका होते. सटन ट्रस्ट या संस्थेने हा प्रश्न वेळोवेळी मांडला आहे. कराचा निधी कंपन्यांनी नव्या मुलांऐवजी आपल्याच अनुभवी अधिकाऱ्यांच्या व्यवस्थापन-शिक्षणावर खर्च केला, हा आक्षेपही गंभीर आहे. पदव्युत्तर स्तरावरील निधी जानेवारी २०२६ पासून प्रामुख्याने २१ वर्षांपर्यंतच्या उमेदवारांपुरता मर्यादित करण्याचा निर्णय शासनाने घेतला.

भारतातील स्थिती

भारतात शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ नुसार शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. त्याला वेतन नव्हे तर विद्यावेतन मिळते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० साली पदवी अभ्यासक्रमात शिकाऊ उमेदवारी अंतर्भूत करण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसारही विद्यार्थी आधी महाविद्यालयात प्रवेश घेतो व नंतर आस्थापनेत जातो, म्हणजे क्रम इंग्लंडच्या उलट आहे. इंग्लंडमध्ये पदवी उमेदवार घेणाऱ्या कंपन्यांपैकी जग्वार लँड रोव्हर ही २००८ साली मुंबईस्थित टाटा मोटर्सने विकत घेतली.