जीपी–९ तोफसंच

मिग–२१ एफएल या लढाऊ विमानाच्या पोटाखाली बसवता-काढता येणारा, २३ मिमी. जुळ्या नळ्यांच्या जीएसएच–२३ तोफेचा सोव्हिएत बनावटीचा संच.

मिग–२१ च्या एफ–१३ या आरंभीच्या प्रकारात ३० मिमी. तोफ होती. पुढच्या रडारयुक्त प्रकारांत ती वगळण्यात आली व हवाई लढतीची भिस्त दोन के–१३ क्षेपणास्त्रांवर राहिली. ओझर (जि. नाशिक) येथे हिंदुस्तान एअरोनॉटिक्सने बांधलेला एफएल प्रकार मुळात असाच, अंगभूत तोफेविना होता (पहा : ओझर). १९६५ च्या भारत–पाकिस्तान युद्धानंतर ही उणीव जीपी–९ ने भरून काढण्यात आली.

संचात २०० गोळ्या मावतात. मारा मिनिटाला ३,००० हून अधिक. हा वेग गास्ट तत्त्वामुळे साधतो : दोन्ही नळ्यांच्या यंत्रणा परस्परांशी जोडलेल्या असून एक नळी उडताना दुसरी भरली जाते. जर्मनीच्या कार्ल गास्ट यांनी पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, विमानांवरील एकनळी मशीनगनला पर्याय म्हणून ७·९२ मिमी. ची अशी जुळी मशीनगन रचली. युद्ध संपेपर्यंत ती फारशी वापरात आली नाही. तत्त्व मात्र सोव्हिएत अभिकल्पकांनी उचलले (पहा : मशीनगन). जीपी–९ मध्यवर्ती इंधनटाकीची जागा घेतो. त्यामुळे तोफ की पल्ला, ही निवड उड्डाणापूर्वीच करावी लागे.

१२ डिसेंबर १९७१ रोजी कच्छच्या आखातावर भारतीय मिग–२१ ने पाकिस्तानचे एफ–१०४ विमान तोफेच्या माऱ्याने पाडले (पहा : भारत–पाकिस्तान युद्ध, १९७१). नंतर ओझरलाच बांधलेल्या मिग–२१ एम मध्ये जीएसएच–२३ अंगभूत आहे.