दोन कार्ब्युरेटर, एक रबरी नळी

फोर्ड कंपनीने 1932 साली व्ही-8 इंजिनाची स्वस्त मोटार बाजारात आणली. आठ सिलिंडरची इंजिने त्याआधीही होती, पण बहुतेक महागड्या गाड्यांत. फोर्डने चार-चार सिलिंडरच्या दोन्ही रांगा आणि क्रँककेस एकाच ओतीव ठोकळ्यात बनवून खर्च खाली आणला. इंजिन 221 घनइंचांचे, म्हणजे 3.6 लिटरचे, आणि सुरुवातीला 65 अश्वशक्तीचे. झडपा सिलिंडरच्या वर नव्हत्या, शेजारी ठोकळ्यातच होत्या. त्यामुळे माथा डब्याच्या झाकणासारखा सपाट, म्हणून नाव फ्लॅटहेड. बनवायला सोपे, पण हवेला आत शिरताना वाकडी वळणे घ्यावी लागत.

दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या फोर्ड घेऊन म्युरॉकसारख्या कोरड्या तळ्यांच्या सपाट तळावर वेग आजमावू लागले. 1937 मध्ये वेगाच्या नोंदी ठेवणारी त्यांची संघटनाही स्थापन झाली. लॉस एंजेलिसमधील गॅरेजवाला विक एडलब्रॉक याने 1938 मध्ये या इंजिनासाठी दोन कार्ब्युरेटर बसतील असे मॅनिफोल्ड तयार केले. त्याचे नाव ‘स्लिंगशॉट’, म्हणजे गलोल.

दोन कशासाठी? हिशेब शाळेतल्या गणिताचा आहे. चार-धावी इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण श्वास घेते. मिनिटाला 4000 फेरे असतील तर 3.6 × 2000, म्हणजे 7200 लिटर हवा लागेल. वळणांमुळे सिलिंडर पुरते भरत नाहीत. तीन चतुर्थांश भरतात असे धरू. म्हणजे 5400 लिटर, सेकंदाला 90 लिटर. त्या काळी लोकप्रिय असलेल्या स्ट्रॉमबर्ग 97 कार्ब्युरेटरला दोन गळे असत आणि प्रत्येक गळ्याचा अरुंद भाग 0.97 इंच व्यासाचा. नावातला आकडा तोच. दोन्ही गळ्यांचे क्षेत्रफळ मिळून सुमारे 9.5 चौरस सेंटिमीटर. भागाकार केला की वेग येतो सेकंदाला 95 मीटर, म्हणजे ताशी 340 किलोमीटर! (प्रत्यक्षात हवा झटक्याझटक्याने ओढली जाते, ही सरासरी समजावी.)

बर्नुलीच्या नियमानुसार या अरुंद भागात दाब सुमारे 5400 पास्कलने घटतो. गळा पुढे रुंदावला की काही दाब परत मिळतो, पण सगळा नाही. उरलेली घट इंजिनाला भोवते. कार्ब्युरेटर दोन केले की वेग निम्मा होतो आणि दाबातली घट चौथ्या हिश्शावर येते.

पण हीच घट पेट्रोल वर ओढण्याचे काम करते. फ्लोटच्या कोठीतले पेट्रोल तोटीच्या तोंडाच्या जरा खाली उभे असते. इंजिन हळू चालत असताना एकाच वेळी दोन्ही कार्ब्युरेटर उघडले तर ओढ इतकी कमी पडते की पेट्रोल तेवढेही चढत नाही, आणि गाडी गचके खाते. मैदानावर जिंकणारी गाडी गावात चालवायला त्रासदायक ठरे, त्याचे एक कारण हे.

दुसरा प्रश्न दोघांना एकासारखे वागवण्याचा. जवळच्या कार्ब्युरेटरचे मिश्रण जवळच्या सिलिंडरला जास्त मिळते. एक अधिक उघडा राहिला तर काही सिलिंडर पेट्रोलने तुंबतात आणि काही उपाशी राहतात. म्हणून आधी ठिणगी आणि झडपा तपासायच्या. तिथे दोष असेल तर कार्ब्युरेटरचे स्क्रू पिळत बसणे व्यर्थ! मग दोन्ही कोठ्यांतली पेट्रोलची पातळी सारखी करायची. त्यानंतर दोघांना जोडणारी दांडी सोडवायची. ही पायरी गाळली तर एकाला हात लावताच दुसराही हलतो आणि काहीच कळत नाही.

इंजिन गरम करून मंद चालू ठेवायचे. रबरी नळीचे एक टोक कानाशी, दुसरे एका गळ्याच्या तोंडाशी. हवेचा सूं-सूं आवाज ऐकायचा, मग दुसऱ्या गळ्याशी नेमक्या त्याच जागी नळी धरून ऐकायचे. ज्याचा आवाज मोठा त्याचा मंदगतीचा स्क्रू किंचित सैल, दुसऱ्याचा किंचित घट्ट. पंख्यापासून मात्र दूर राहायला हवे.

ही पद्धत मला फार आवडते, कारण ती व्हीटस्टन सेतूसारखी आहे. आवाज किती आहे हे कान सांगू शकत नाही, पण दोन आवाज सारखे आहेत की नाहीत हे तो बऱ्यापैकी सांगतो. इथे तेवढेच विचारलेले असते. पुढे हवेचा प्रवाह दाखवणारी छोटी उपकरणे आली, तीही शेवटी तुलनाच करतात.

आवाज जुळले की मिश्रणाचे स्क्रू, प्रत्येक कार्ब्युरेटरला दोन, असे एकूण चार. प्रत्येक स्क्रू थोडाथोडा फिरवून इंजिन सर्वांत सुरळीत चालते ती जागा शोधायची. यात इंजिनाचा वेग वाढतो, म्हणून नळी पुन्हा कानाला लावावी लागते. अशा दोन-तीन फेऱ्या होतात. मग इंजिन बंद करून दांडी परत जोडायची. तिची लांबी अशी हवी की जोडताना दोन्हींपैकी एकही झडप केसभरही हलू नये.